अमेरिकेत गाडी विकताय? आधी एक्स्टेंडेड वॉरंटीचे पैसे परत मागा

न्यू जर्सीतून पुण्याला परतायचं ठरलं तेव्हा आमच्या दारात दोन गाड्या होत्या. पहिली विकली, किल्ली दिली, पैसे घेतले आणि विषय संपला असं समजून मी पुढच्या कामाला लागले. दुसरी विकायची वेळ आली तेव्हा एका मैत्रिणीने फोनवर सहज विचारलं, "अगं, वॉरंटी कॅन्सल केलीस का?" मी गाडीच्या कागदांची फाइल उघडली. त्यात २,३०० डॉलरचं एक कॉन्ट्रॅक्ट होतं, ७२ महिन्यांचं. त्यातले ४१ महिने झाले होते. उरलेल्या ३१ महिन्यांचे पैसे मला परत मिळू शकतात हे मला तोपर्यंत कुणीही सांगितलेलं नव्हतं. ५० डॉलर फी वजा जाऊन ९४० डॉलर हातात आले, पण त्याला तीन महिने आणि बरेच फोन लागले. पहिल्या गाडीचे मात्र गेले, कारण शोधाशोध केली तेव्हा त्या कॉन्ट्रॅक्टची मुदतच संपलेली होती.

हे पैसे आपलेच असतात, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही. गाडी दुसऱ्याच्या नावावर गेली की कॉन्ट्रॅक्ट आपोआप रद्द होऊन चेक घरी येतो, असं होत नाही. तुम्ही भारतात परत निघाला असाल, मोठी गाडी घेण्यासाठी जुनी देत असाल किंवा नोकरी बदलून दुसऱ्या राज्यात चालला असाल, तर किल्ली हातातून जाण्याआधी हे वाचा.

१. तुमच्याकडे नक्की काय आहे ते शोधा

नव्या गाडीबरोबर कंपनीची वॉरंटी येते. टोयोटा किंवा होंडाची असेल तर सर्वसाधारण ३ वर्षं किंवा ३६,००० मैल, आणि इंजिन-ट्रान्समिशनची ५ वर्षं किंवा ६०,००० मैल. तिचे वेगळे पैसे आपण देत नाही, त्यामुळे ती रद्द करून काही मिळत नाही. ती गाडीबरोबर नव्या मालकाकडे जाते.

आपण बोलतोय ते त्यावर पैसे मोजून घेतलेल्या कागदाबद्दल. सगळे त्याला एक्स्टेंडेड वॉरंटी म्हणतात, पण कागदावर बहुतेक वेळा 'व्हेइकल सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट', म्हणजे गाडी बिघडल्यास दुरुस्तीचा खर्च देण्याचा करार, असं लिहिलेलं असतं. हा शब्द लक्षात ठेवा, कारण फोनवर 'वॉरंटी' म्हटलं की समोरचा माणूस कंपनीच्या वॉरंटीबद्दल बोलू लागतो आणि दहा मिनिटं वाया जातात.

आता एक संध्याकाळ काढून फाइल नीट बघा. गाडी घेतली त्या दिवशी फायनान्स ऑफिसमध्ये दीड-दोन तास बसवून ज्या सह्या घेतल्या, त्यातच हे सगळं असतं. कर्जाच्या मुख्य करारात गाडीच्या किमतीखाली एकेक ओळ वाचा: सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट, गॅप (हे काय ते पुढे सांगते), प्रीपेड मेंटेनन्स, टायर आणि व्हील, किल्ली हरवल्यास बदलून देण्याचा प्लॅन. आपण काय काय घेतलं होतं हे कित्येकांना इथेच पहिल्यांदा कळतं. मलाही टायरचा प्लॅन असल्याचं असंच कळलं.

कॉन्ट्रॅक्टवर तीन नावं वेगवेगळी असू शकतात. विकणारा डीलर, कागदपत्रं आणि दावे सांभाळणारा अॅडमिनिस्ट्रेटर, आणि अंतिम जबाबदारी असलेली कंपनी. फॉर्म बहुधा डीलरकडे द्यायचा असतो, हिशेब अॅडमिनिस्ट्रेटर करतो. तिन्ही नावं, कॉन्ट्रॅक्टचा नंबर आणि गाडीचा व्हीआयएन, म्हणजे १७ अक्षर-अंकी ओळख क्रमांक, एका कागदावर लिहून फोनजवळ ठेवा. कागद हरवला असेल तर डीलरकडे व्हीआयएन देऊन प्रत मागा. डीलरचं दुकान बंद झालं असेल तरी घाबरू नका, थेट अॅडमिनिस्ट्रेटरशी बोला.

एक सावधगिरी. 'तुमच्या गाडीच्या वॉरंटीची मुदत संपत आली आहे' असे जे फोन येतात त्यांचा तुमच्या कॉन्ट्रॅक्टशी काही संबंध नसतो. अशा फोनचा मारा करणाऱ्या एका टोळीला अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने २०२३ मध्ये जवळपास ३० कोटी डॉलरचा दंड ठोठावला होता. रद्द करण्याबद्दल बोलायचं असेल तेव्हा नंबर नेहमी स्वतःच्या कॉन्ट्रॅक्टवरून घ्या, आलेल्या फोनवर व्हीआयएन सांगू नका.

२. रद्द करायचं की गिऱ्हाइकाच्या नावावर करायचं?

गाडी डीलरला देणार असाल किंवा कारमॅक्ससारख्या, जुन्या गाड्या विकत घेणाऱ्या कंपनीला विकणार असाल तर प्रश्नच नाही, रद्द करा. तुमच्याकडे कॉन्ट्रॅक्ट आहे म्हणून ते किंमत वाढवून देत नाहीत, आणि बहुतेक कॉन्ट्रॅक्ट एका खाजगी मालकाकडून दुसऱ्या खाजगी मालकाकडेच जाऊ शकतात.

ओळखीतल्या कुणाला किंवा जाहिरात देऊन परस्पर विकणार असाल तर मात्र विचार करा. ट्रान्सफरची फी थोडी असते, पण मुदत कडक असते, विक्रीनंतर साधारण महिनाभराच्या आत अर्ज जावा लागतो. गिऱ्हाईक नुकताच अमेरिकेत आलेला असेल, त्याची ही पहिली गाडी असेल, तर त्याला या कॉन्ट्रॅक्टचा खरा उपयोग होऊ शकतो. त्याला सरळ सांगा: "मी रद्द केलं तर मला एवढे मिळतील. तेवढे जास्त दिलेत तर तुमच्या नावावर करून देतो." तो नाही म्हणाला तर वाईट वाटून घेऊ नका. आणि फुकटात जोडून देऊ नका. अनेकजण भिडेखातर तसं करतात.

३. किती मिळतील याचा हिशेब आधी स्वतः करा

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण आकडा माहीत असला की डीलरकडे बोलताना आवाजात ठामपणा येतो.

गाडी घेऊन अगदी थोडे दिवस झाले असतील, साधारण ३० किंवा ६० दिवस, आणि एकही दावा केला नसेल, तर बहुधा सगळे पैसे परत मिळतात. कॅलिफोर्नियात नव्या गाडीसाठी ही मुदत कायद्यानेच ६० दिवस आहे. विकायला निघालेल्यांपैकी फार थोडे यात बसतात.

त्यानंतरचा परतावा उरलेल्या प्रमाणात मिळतो. प्रमाण दोन प्रकारे मोजतात, महिन्यांनी आणि मैलांनी. ज्या मोजणीत वापर जास्त दिसतो, म्हणजे आपल्याला कमी मिळतं, ती बहुधा धरतात.

समजा कॉन्ट्रॅक्ट २,४०० डॉलरचं, ६० महिने किंवा ६०,००० मैलांचं आहे. ३० महिने झाले आणि गाडी २१,००० मैल चालली. महिन्यांनी वापर ५० टक्के, मैलांनी ३५ टक्के. मोठा आकडा ५०, म्हणून परतावा १,२०० डॉलर. ५० डॉलर फी गेली की १,१५०. आता तीच गाडी रोज लांबच्या ऑफिसला जाऊन ४२,००० मैल चालली असेल, तर मैलांनी वापर ७० टक्के होतो. परतावा ७२० आणि फी वजा जाता ६७०.

इथे सगळ्यांचा एक गैरसमज होतो, माझाही झाला होता. 'कंपनीची वॉरंटी अजून चालूच आहे, म्हणजे एक्स्टेंडेड सुरूच झाली नाही, मग पूर्ण पैसे मिळायला हवेत.' तर्क बरोबर वाटतो, पण नव्या गाडीबरोबर घेतलेल्या कॉन्ट्रॅक्टचा काळ आणि मैल सहसा पहिल्या दिवसापासून, शून्य मैलांपासून मोजतात. तुमच्या कॉन्ट्रॅक्टमध्ये सुरुवातीची तारीख कोणती धरली आहे ते बघा. जुनी गाडी घेतली असेल तर घेतलेल्या दिवसाचं ओडोमीटर रीडिंग किती लिहिलं आहे तेही तपासा.

आणखी दोन गोष्टी वजा होऊ शकतात. काही कॉन्ट्रॅक्टमध्ये आधी मंजूर झालेल्या दाव्यांची रक्कम कापतात. आणि रद्द करण्याची फी असते. ती राज्यानुसार बदलते. कॅलिफोर्नियात कायदा म्हणतो की फी २५ डॉलर किंवा कॉन्ट्रॅक्टच्या किमतीच्या १० टक्के, यातली जी कमी असेल तिच्याहून जास्त घेता येणार नाही. कॉन्ट्रॅक्टच्या शेवटी 'रद्द करणे' या मथळ्याखाली बारीक अक्षरात सगळं असतं. त्याच्याही पुढे राज्यवार अटी असतात, त्यात तुमच्या राज्याचा परिच्छेद शोधा. तो मुख्य मजकुरापेक्षा वरचढ असतो, आणि अनेकदा तुमच्या फायद्याचा असतो.

४. कागद जमवा

रद्द करण्याचा फॉर्म अॅडमिनिस्ट्रेटर ईमेलने पाठवतो, डीलरकडेही असतो. त्याबरोबर हे लागतं:

- कॉन्ट्रॅक्टची प्रत
- फोटो असलेलं ओळखपत्र
- ओडोमीटर रीडिंगचा पुरावा
- विक्रीचा पुरावा, म्हणजे बिल ऑफ सेल किंवा डीलरने दिलेला खरेदीचा कागद
- कर्ज फिटलं असेल तर बँकेचं पेऑफ लेटर, म्हणजे कर्ज फिटल्याचं पत्र

गाडी नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल तर दोघांच्या सह्या लागतात. एकजण आधीच भारतात गेला असेल तर या सहीसाठी आठवडे जातात, म्हणून निघण्याआधी करून घ्या. काहीजण ओडोमीटरचं निवेदन नोटरी केलेलं मागतात. आपलं खातं असलेल्या बँकेच्या शाखेत नोटरीचं काम पुष्कळदा फुकट होतं, आधी फोन करून वेळ घ्या.

फॉर्ममध्ये रद्द होण्याची तारीख आणि त्या दिवसाचे मैल लिहायचे असतात. या दोन रकान्यांवर तुमचे पैसे ठरतात. रिकामे सोडून 'तुम्ही भरा' असं म्हणून देऊ नका. रिकाम्या जागी डीलर ज्या दिवशी फॉर्म हातात घेईल ती तारीख पडते, आणि तो दिवस महिन्याभरानेही उजाडू शकतो.

५. विक्रीच्या आठवड्यात कामांचा क्रम

फार आधी रद्द करू नका. दोन आठवडे लवकर रद्द करून दहा-वीस डॉलर वाचतात, पण त्याच दोन आठवड्यांत ट्रान्समिशन गेलं तर खर्च तुमच्या अंगावर. मी गिऱ्हाईक पक्कं होईपर्यंत फॉर्म भरून घरात ठेवला होता आणि विक्रीच्या दिवशीच दिला. माझं मत अजूनही तेच आहे.

विक्रीच्या दिवशी, किल्ली देण्याआधी, गाडी चालू करून ओडोमीटरचा फोटो काढा. दुसरा फोटो ड्रायव्हरच्या बाजूला काचेखाली दिसणाऱ्या व्हीआयएन पट्टीचा. दोन मिनिटांचं काम आहे. ते राहिलं तर नंतर अनोळखी माणसाला 'जरा मैल बघून सांगता का' असं विनवावं लागतं. बिल ऑफ सेलवर तारीख, मैल आणि दोघांच्या सह्या घ्या आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा. गाडीतल्या कप्प्यात कॉन्ट्रॅक्टची मूळ पुस्तिका असेल तर काढून घ्या. नंबर प्लेटचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत: न्यू जर्सीत त्या काढून मोटर व्हेइकल कमिशनकडे जमा करायच्या असतात, कॅलिफोर्नियात साध्या प्लेट गाडीबरोबरच जातात.

त्याच दिवशी फॉर्म दोन ठिकाणी पाठवा, डीलरला आणि अॅडमिनिस्ट्रेटरला. ईमेलने पाठवा, आणि पोस्टाने सर्टिफाइड मेलने, पोचपावतीसह. पोचपावतीचं ते हिरवं कार्ड सहीनिशी परत आलं की 'तुमचा फॉर्म मिळालाच नाही' हे वाक्य कुणाला उच्चारता येत नाही. मी त्या दिवशी फॉर्म नुसता डीलरच्या फायनान्स ऑफिसच्या टेबलावर ठेवून आले होते. सात आठवड्यांनी अॅडमिनिस्ट्रेटरला फोन केला तेव्हा कळलं, त्यांच्याकडे काहीच पोचलेलं नव्हतं.

डीलरकडून उशीर का होतो हे समजून घेतलं तर बोलणं सोपं जातं. कॉन्ट्रॅक्टच्या किमतीतला बराचसा भाग डीलरचा नफा असतो. तुम्ही रद्द केलंत की त्या नफ्यातला उरलेला हिस्सा त्याला परत करावा लागतो. म्हणून 'आता रद्द करून फार मिळणार नाही', 'विकल्यावर ते आपोआप बंद होतं', 'मॅनेजर पुढच्या आठवड्यात येईल' अशी उत्तरं मिळतात. शांतपणे एवढंच म्हणा: "कॉन्ट्रॅक्टमधल्या या कलमानुसार मला रद्द करायचं आहे, फॉर्म मिळाल्याची पोच ईमेलवर द्या."

६. पैसे कुणाकडे जातात?

कर्ज चालू असेल तर परताव्याचा चेक तुम्हाला येत नाही. तो कर्ज देणाऱ्या बँकेकडे जातो आणि मुद्दलातून वजा होतो. महिन्याचा हप्ता त्याने कमी होत नाही, कर्ज फक्त लवकर संपतं.

गाडी विकताना कर्ज फेडणार असाल तर बँकेकडून पेऑफची, म्हणजे कर्ज पूर्ण फेडायला लागणारी, रक्कम विचारून घ्या, ती बहुधा पुढच्या दहा दिवसांसाठी धरून देतात. ही रक्कम पूर्ण भरा. 'वॉरंटीचे १,१५० यायचे आहेत, तेवढे कमी भरतो' असं करू नका. कर्ज पूर्ण फिटल्याशिवाय बँक गाडीवरचा हक्क सोडत नाही, टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, अडकतं आणि गिऱ्हाईक वैतागतो. नंतर परतावा बँकेत आला की तो जास्तीचा भरणा ठरतो आणि बँक तो तुम्हाला पाठवते. कुठे पाठवते? त्यांच्याकडे असलेल्या पत्त्यावर. म्हणून कर्ज बंद होण्याआधी बँकेतला पत्ता बदला. ऑनलाइन खातं बंद झाल्यावर तोच बदल करायला फोनवर अर्धा तास जातो.

कर्ज आधीच फिटलं असेल तर पेऑफ लेटर फॉर्मला जोडलंच पाहिजे. माझं कर्ज आठ महिने आधी फिटलं होतं, पण मी पत्र जोडलं नाही. अॅडमिनिस्ट्रेटरच्या नोंदीत बँकेचं नाव तसंच होतं, चेक बँकेकडे गेला, आणि बंद झालेल्या खात्यावर आलेल्या चेकचं काय करायचं हे ठरायला बँकेला सहा आठवडे लागले. एका पानाच्या पत्राने हे वाचलं असतं.

कॉन्ट्रॅक्टचे पैसे कर्जात घातले असतील तर त्यावर आजवर भरलेलं व्याज परत येत नाही.

७. गॅप आणि बाकीचे प्लॅन विसरू नका

गॅप म्हणजे गाडी अपघातात पूर्ण गेली आणि विम्याची रक्कम कर्जापेक्षा कमी पडली तर मधला फरक भरून देणारा करार. कर्ज संपलं की त्याचा उपयोगच संपतो. मुदतीआधी कर्ज फेडलं तर न वापरलेल्या काळाचे पैसे बहुतेक वेळा परत मिळतात, पण त्यालाही वेगळा फॉर्म आणि वेगळा अर्ज लागतो. सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट रद्द केलं म्हणून गॅप रद्द होत नाही.

टायरचा, किल्लीचा, मेंटेनन्सचा प्लॅन, प्रत्येकाचा कागद बघून विचारा. काचेवर नंबर कोरणे किंवा रंगावर लेप देणे यांसारखी कामं एकदा झाली की त्याचे पैसे सहसा मिळत नाहीत.

८. पाठपुरावा

फॉर्म पोचल्यावर आठवड्याने अॅडमिनिस्ट्रेटरला फोन करा आणि तीन प्रश्न विचारा: नोंद झाली का, रक्कम किती ठरली, चेक कुणाच्या नावाने निघणार. दर वेळी तारीख, बोलणाऱ्याचं नाव आणि उत्तर वहीत लिहा. ठरलेली रक्कम तुमच्या हिशेबाशी जुळत नसेल तर मोजणी लेखी मागा. चार ते आठ आठवडे लागणं नेहमीचं आहे. त्यापुढे गेलं तर दर आठवड्याला फोन.

उत्तरच मिळेनासं झालं तर तक्रार करा, त्यात संकोच नको. पुष्कळ राज्यांत हे कॉन्ट्रॅक्ट विमा विभागाच्या देखरेखीखाली येतात. टेक्सासमध्ये ते काम डिपार्टमेंट ऑफ लायसन्सिंग अँड रेग्युलेशनकडे आहे. राज्याच्या अॅटर्नी जनरलकडे ग्राहक तक्रार करता येते, आणि बँकेने पैसे अडवले असतील तर कन्झ्युमर फायनान्शियल प्रोटेक्शन ब्युरोकडे. कॉन्ट्रॅक्टवर कुठेतरी एका विमा कंपनीचंही नाव असतं, जिने या कराराची हमी घेतलेली असते. तिचं नाव तुमच्या पत्रात लिहा. मी डीलरला लिहिलेल्या तिसऱ्या ईमेलमध्ये राज्याच्या विभागाचा आणि त्या विमा कंपनीचा उल्लेख केला आणि चार दिवसांत उत्तर आलं.

९. भारतात परतणाऱ्यांसाठी

परतावा अजूनही बहुतेक वेळा कागदी चेकने येतो, आणि तो येईपर्यंत तुम्ही विमानात बसलेले असता. फॉर्मवर पुण्याचा किंवा नाशिकचा पत्ता लिहू नका. अमेरिकन डॉलरचा चेक भारतातल्या बँकेत वटवणं फार त्रासाचं असतं, कित्येक शाखा तो घेतच नाहीत. अमेरिकेत राहणाऱ्या विश्वासू मित्राचा किंवा नातेवाइकाचा पत्ता द्या आणि त्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर ते पाकीट जाहिरातीच्या कागदांत जाईल.

चेक दोघांच्या नावाने येणार असेल तर नावांमध्ये 'अँड' आहे की 'ऑर' आहे ते विचारा. 'अँड' असेल तर मागे दोघांची सही लागते. शक्य असेल तिथे एकाच्याच नावाने मागा, किंवा थेट खात्यात जमा होईल का ते विचारा. आणि चेक आला की पडू देऊ नका, सहा महिन्यांहून जुना चेक वटवायला बँक बांधील नसते.

अमेरिकेतलं बँक खातं निदान सहा महिने चालू ठेवा, त्यात महिन्याची फी लागू नये एवढी रक्कम ठेवून. वॉरंटीचा चेक जमा झाला म्हणून लगेच खातं बंद केलं तर गॅपचा चेक आणि बँकेकडचा जास्तीचा भरणा यायचा राहिलेला असतो. आमच्याकडे ते तिन्ही वेगवेगळ्या महिन्यांत आले.